प्रॉडक्ट मॅनेजमेंट शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

विट्याचा_पोरगा:
नमस्कार. मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग जमतं, पण जन्मभर तेच करावं असं वाटत नाही. एका सीनिअरने प्रॉडक्ट मॅनेजमेंट सुचवलं. यूट्यूब उघडलं तर राइस, मॉस्को, नॉर्थ स्टार... असली फ्रेमवर्कची (निर्णय घ्यायच्या ठरावीक पद्धतींची) नावं. सगळं वहीत उतरवून घेतलं, पण हा माणूस दिवसभर करतो काय ते अजून कळलेलं नाही. एक सर्टिफिकेट कोर्स चाळीस हजारांचा आहे. घ्यावा का? घरी पैसे मागायचे तर आधी मला तरी पटायला हवं.

ठाकुर्लीकर:
चाळीस हजार बाबांकडेच राहू देत. मी पेमेंटच्या क्षेत्रात हेच काम करते, मुलाखतीही घेते. सर्टिफिकेटवर मी कधी कुणाला प्रश्न विचारलेला नाही.

वही मीट आणि रोजच्या वापरातला एखादा वैताग आणणारा नियम धर. मी लोकलचा देते, तो मला तोंडपाठ आहे. २०१४ च्या अखेरीस रेल्वेने मुंबईत यूटीएस हे अनारक्षित तिकिटांचं ॲप आणलं. तिकीट फोनवर काढायचं, पण कागद स्टेशनवरच्या एटीव्हीएम या तिकीट-मशीनमधून छापून घ्यायचा. म्हणजे खिडकीपुढची रांग मशीनपुढे गेली, बस. २०१५ मध्ये कागद सुटला, पण अट आली: रुळांपासून ठरावीक अंतर लांब असाल तरच तिकीट निघेल. जिन्यात धापा टाकत उभ्या असलेल्या माणसाने मागे फिरून रस्त्यावर यायचं! लोकांनी शिव्या घातल्या.

पण अट मूर्खपणाची नव्हती. लोकलच्या स्टेशनला फाटक नाही. कुणीही आत शिरतं, गाडीत चढतं, आणि टीसी भेटला तर भेटला. फलाटावर उभं राहून तिकीट निघालं असतं, तर काळा कोट दिसल्यावरच लोकांनी फोन बाहेर काढला असता. म्हणून जीपीएसचं कुंपण. पेपरलेस तिकीट रद्द होत नाही तेही त्यामुळेच, नाहीतर घरी पोचून पैसे परत घेतले असते. मेट्रोला दारातच फाटक आहे, त्यामुळे तिथे व्हॉट्सॲपवर तिकीट काढा, अगदी फाटकापुढे उभं राहून काढा, कुणाचं काही बिघडत नाही. ॲपमधला नियम ठरला तो स्टेशनच्या बांधकामामुळे.

पुढे स्टेशनांवर क्यूआर कोड लावले, ते स्कॅन केले की स्टेशनातही तिकीट निघायचं, घाईतल्या माणसाची सोय झाली. मग त्या कोडचे फोटोच लोकांच्या फोनमध्ये फिरायला लागले. असं चालूच राहतं.

असले नियम ठरवणं आणि बदलणं, हेच आमचं दिवसभराचं काम. आता तू एक पान लिही. या अटीचा त्रास कुणाला, ती सैल केली तर नुकसान कुणाचं, आणि केलेला बदल चालला हे कशावरून ओळखायचं? 'डाउनलोड वाढले' असलं उत्तर नको. ॲपवरची विक्री वाढली आणि खिडकीवरची घटली नाही, तर हे नवे प्रवासी की कालपर्यंतचे फुकटे? इथपर्यंत विचार करून आलेला पोरगा मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

जुना_टेस्टर:
ताईंशी सहमत, पण फ्रेमवर्कला इतकं झोडू नका. राइस म्हणजे किती लोकांपर्यंत पोचेल, किती फरक पडेल आणि आपली खात्री किती, या तिघांचा गुणाकार, भागिले मेहनत. दहा मागण्या आणि दोन डेव्हलपर असले की भांडण आवरायला उपयोगी पडतं. सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं कर, म्हणजे आकड्यांसाठी कुणाच्या मागे लागावं लागणार नाही.

जाता जाता: हे काम सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेलं नाही. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय कॅमे साबणाच्या जाहिराती बघायचे. प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस हवा, असा मेमो त्यांनी लिहिला. खप कुठे कमी, का कमी, हे त्याने बाजारात जाऊन शोधायचं. हेच गृहस्थ पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.

ठाकुर्लीकर:
राइसमधल्या त्या 'खात्री'तच सगळी गंमत आहे. ज्याला आपलं फीचर रेटायचंय त्याची खात्री कायम शंभर टक्के. असो.

विट्याचा_पोरगा:
दोघांचेही आभार. लोकल मी फारशी बघितलेली नाही, होस्टेलची मेस घेऊ का? रात्री भात खूप उरतो. उद्या जेवणार की नाही हे आदल्या दिवशी नोंदवायचं ॲप करावं असं डोक्यात आहे.

ठाकुर्लीकर:
मेस उत्तम, ॲप नंतर. आधी स्वयंपाकाच्या मावशींना विचार, किती तांदूळ टाकायचा ते कधी आणि कशावरून ठरवतात. दुसरं, नाव नोंदवून पोराला काय मिळणार? तुमच्याकडे खाडा धरतात का? धरत असतील तर दारावर कागद लटकव, सुतळीने पेन बांध आणि आठवडाभर बघ कोण लिहितंय. त्याला कोड लागत नाही.

विट्याचा_पोरगा:
सलग तीन दिवस नसलो तरच खाडा धरतात.

ठाकुर्लीकर:
मग एका रात्रीसाठी कोण कशाला लिहील? ॲप कितीही छान कर, उपयोग नाही. आधी मेसच्या मालकांना गाठ. एका वेळचा खाडा धरला तर त्यांचे किती पैसे जातात आणि उरलेल्या भातात किती जातात, दोन्ही आकडे घे आणि इथे टाक. मालक आकडा द्यायला का-कू करतील. तेव्हा मावशींना विचार.