पिन आणि माणूस
भावा, तू म्हणतोस, ऑनलाइन नकाशावर पिन टाकली, म्हणजे जागेची खूण केली, की ती सगळ्यांचीच. अर्धंच खरं. रंकाळ्याच्या आसपासच्या मिसळींची माझी यादी एकानं फोटोंसकट उचलली. अक्षांश-रेखांश माझे नाहीत, पण वर्णन नि फोटो माझेच. नुसत्या घामाला कॉपीराइट नाही, थोडं डोकंही दिसावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात सांगितलंय.

माणसाच्या ठावठिकाण्याचं वेगळं. जामिनावरच्या आरोपीनं गूगल मॅप्सची पिन तपास अधिकाऱ्याला द्यायची, ही अट त्याच न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये काढून टाकली; राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे खासगीपणाचा हक्क, आडवं आलं. गंमत म्हणजे, नुसत्या पिनेवरून फिरत्या माणसाचा माग लागतच नाही, हे गूगलनंच कोर्टाला सांगितलं होतं!