टॅग टीम म्हणजे दुय्यम? नाही भो
एका भाऊने लिहिलंय की WWE च्या कुस्तीत एकट्याने जमत नाही ते टॅग टीममध्ये (दोघांच्या जोडीत) जातात, ते काही पटलं नाही भो. मॅट अन् जेफ हार्डी या भावांच्या जोडीतल्या मॅटचंच घ्या, सगळे जेफ जेफ करतात (त्याला २००८ ला एकट्याचा मोठा बेल्ट, म्हणजे विजेतेपद, मिळालं, मान्य) पण २००० च्या समरस्लॅम या मोठ्या शोमधली पहिली टीएलसी मॅच बघा, म्हणजे टेबल, शिड्या, खुर्च्या घेऊन मारामारी, पार्टनरचं टायमिंग जरा चुकलं की मान मोडलीच समजा. आम्ही रावेरला मामाकडे केबलवर हेच बघायचो, लाइट गेली की याच पैलवानांची ट्रम्प कार्ड (पत्ते) खेळायचो, अन् सकाळी केळीच्या पाल्याच्या ढिगावर जेफची स्वान्टन (उंचावरून कोलांटी घेत पाठीवर पडायचा डाव), एकदा मामाने जाम धुतलं. २०१७ ला रेसलमेनिया ३३ या मोठ्या शोमध्ये दोघं भाऊ अचानक परत आले अन् शिडीवर चढून जोडीचे बेल्ट काढले तेव्हा मॅट ४२ चा होता, घसा बसला होता माझा ओरडून.