ट्रेलरला मागून धक्का बसला. लेझर होडीला आतून काही झालंय का, कसं बघायचं?

मुठाकाठ:
मुंबईहून पुण्याला होडी आणताना खोपोलीजवळ एका टेम्पोने ट्रेलरला मागून ठोकलं. माणसं सुखरूप. होडी जुनी फायबरची लेझर, म्हणजे आताची आयएलसीए, एका माणसाने चालवायची छोटी शिडाची होडी. पट्टे तुटले नाहीत, पण होडी ट्रेलरवर वीतभर मागे सरकली आणि ट्रान्समच्या (मागच्या सपाट भिंतीच्या) कोपऱ्यावर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराचा, टवका उडाला. बाकी वरून धडधाकट दिसते. गॅरेजवाला म्हणतो, पुट्टी भरून रंग मारू. माझी तेरा वर्षांची मुलगी यावर छोटं शीड लावून शिकतेय, त्यामुळे माझं मन तयार होत नाही. काय काय तपासू?

सांजवारा:
पुट्टी अजिबात नको. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ट्रेलरचेसुद्धा. होडीचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत कशालाही हात लावू नका.

रेवदंडेकर:
मी फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टवका दिसतो तिथेच नुकसान असतं असं नाही. धक्का जिथून पुढे गेला तिथे बघायचं. होडी ज्या आधारांवर टेकली होती ती जागा, पट्ट्यांखालची कड, हल (होडीचं खालचं अंग) आणि डेक (वरचा पृष्ठभाग) यांचा सांधा, रडरच्या म्हणजे सुकाणूच्या बिजागऱ्या.

होडी उलटी करा, धुऊन पूर्ण वाळू द्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे हलकं ठोका. चांगल्या जागी आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. तेवढ्या भागाभोवती पेन्सिलने रेघ मारा. बारीक चिरा दिसत नसतील तर पाण्यात विरघळणारी शाई चोळून पुसा, चिरेत ती राहते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा एका बिंदूतून फुटल्या असतील तर तिथे मार बसलाय. त्या जागी अंगठ्याने दाबा. दबली, तर चीर नुसती वरवरची नाही.

मग हवा. कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोलगट जागेच्या, पुढच्या भिंतीत बारीक भोक असतं, त्यावर टेप लावा. ट्रान्समचा ड्रेन प्लग काढून तिथे नळी घट्ट बसवा आणि तोंडाने फुंका. कम्प्रेसर लावू नका, डेक सांध्यातून उचकटेल. दुसऱ्याने सांध्यावर, बिजागऱ्यांवर, डॅगरबोर्डच्या (मधून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेत साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की जागा सापडली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोलकाठी ज्या नळीत उभी राहते ती. ती काठोकाठ पाण्याने भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी खाली गेलेली असेल तर तळ किंवा वरचा जोड गेलाय. वाऱ्यात त्या जोडावर प्रचंड जोर येतो, तो सुटला तर डोलकाठी डेक फाडून बाहेर येते. हे तपासल्याशिवाय मुलीला पाण्यावर पाठवू नका, कळकळीने सांगतो.

डोलकाठीचे दोन्ही भाग सपाट फरशीवर लोळवून बघा, वाकलेला भाग उड्या मारतो. जमलं तर रिकाम्या हलचं वजन करा. नवा ५९ किलोचा असतो. बराच जास्त भरला तर आत पाणी मुरलंय.

मुठाकाठ:
रेवदंडेकर साहेब, खूप आभार. सांधा आणि बिजागऱ्या कोरड्या, बुडबुडा नाही. ट्रान्समच्या त्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढा बद्द आवाज येतो. आणि नळीतलं पाणी सकाळी चार बोटं खाली गेलं होतं. आता?

रेवदंडेकर:
बरं झालं आत्ताच कळलं. नळीचा जोड धक्क्याने गेला की आधीपासून कमकुवत होता, हे आता सांगता येणार नाही, दुरुस्ती मात्र दोन्हीकडे एकच. नळीजवळ डेकला तपासणीचं गोल झाकण बसवून घ्या, त्यातून हात आत जातो. आतला भाग पंखा लावून पूर्ण सुकवा. ओल्या फायबरवर रेझिन (थर चिकटवणारा द्रव) धरत नाही. मग जुना जोड घासून तळाशी आणि वर नवी ग्लास मॅट (काचतंतूंचं कापड) चढवायची. कोपऱ्यातही सुटलेले थर घासून काढूनच नवे द्यायचे. तिथे वरून जेलकोट लावायचा असेल तर आत पॉलिएस्टर रेझिनच वापरा. एपॉक्सीवर जेलकोट नीट बसत नाही. पूर्ण सेट झाल्यावर नळी पुन्हा रात्रभर भरून ठेवा. आणि ट्रेलरची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. बेअरिंग खरखरत असतील तर बदला.