५ टनी क्रेन २.२ टनाचं लेथ उचलत नाही?

नवा_वर्कशॉपवाला: मंडळी, कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप टाकतोय. जुनं लेथ (धातू कातायचं मशीन) घेतलंय, २.२ टन. ट्रकवर क्रेन बसवलेली गाडी ठरवली, म्हणजे आणणारी तीच आणि उतरवणारीही तीच. मालक म्हणतो ५ टनी आहे. ऑपरेटर जागा बघून म्हणाला, रस्त्यावरून भिंतीपलीकडे ठेवता येणार नाही. अंतर ६ मीटर. भाडं वाढवायचा डाव आहे का?

बूमवाला: डाव नाही, खरं बोलला तो. १९ वर्षं हेच करतोय. ५ टन म्हणजे जवळून, समजा २ मीटरवर. कळशी कमरेवर घेऊन मैलभर जाता येतं, हात लांब करून धरा बघू! २ गुणिले ५, म्हणजे १० टन-मीटर. ६ मीटरवर कागदावर १.६६ टन येतात, त्यातून बूमचं, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचं, स्वतःचं वजन वजा. दीड टनसुद्धा धरू नका. अंतरही ट्रकच्या कडेपासून नाही, क्रेन ज्या खांबावर फिरते त्याच्या मध्यापासून मोजायचं. केबिनच्या पुढच्या बाजूला तर बऱ्याच गाड्यांची ताकद आणखी कमी असते. किती अंतरावर किती वजन उचलतं, याचा चार्ट बूमवर चिकटवलेला असतो, तो बघा.

नवा_वर्कशॉपवाला: मग इंजिन मोठं असलं तर?

बूमवाला: इंजिनाच्या आकाराचा संबंध नाही. गिअरबॉक्सवरच्या पीटीओतून (इंजिनाची ताकद बाहेर देणारा जोड) पंप फिरतो, पंप तेल दाबतो, सिलिंडर बूम उचलतो. पाइप फुटला तर बूम धाडकन खाली येऊ नये म्हणून सिलिंडरवरच लॉक व्हॉल्व्ह असतो. पण गाडी कलंडायला लागली तर तो काय करणार? आपल्याकडची काळी माती, त्यात पाऊस. मी एकदा टाकी उचलताना जॅकखाली, म्हणजे गाडी टेकवायच्या पायाखाली, एकच फळी टाकली, खाली जुना गटार बुजवलेला होता. टाकी हवेत आणि मागचा पाय हळूहळू आत. टाकी लगेच खाली घेतली म्हणून वाचलो. तेव्हापासून पायांखाली घालायला चार जाड लाकडी स्लीपर गाडीतच ठेवतो.

गेट किती रुंद आहे?

नवा_वर्कशॉपवाला: १२ फूट.

बूमवाला: मग मागे घेत आत आणा, अंतर साडेतीन मीटरवर आलं तर चार्टमध्ये बसेल. दोन्ही बाजूंचे पाय पूर्ण उघडतील एवढी जागा हवी. वर वायरी असतील तर आधी लाइनमनला सांगा.

चकमक: लेथवाल्याचा एक सल्ला. वजन हेडस्टॉककडे (गिअर असलेलं जड टोक) असतं, म्हणून सॅडल (हत्यार धरणारा सरकता भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, सरकवून लॉक करा. उचलायचा पट्टा लीडस्क्रूला (सॅडल सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) लागू देऊ नका, मध्ये लाकडी ठोकळे घाला. आमचा लीडस्क्रू तसाच वाकला, आता आटे पाडताना रोज शिव्या देतो. आधी अर्धा फूट उचलून बघा, तोल गेला तर परत टेकवा. शेडमध्ये पाइपवर पहारीने ढकलत न्या.

नवा_वर्कशॉपवाला: ऑपरेटरला फोन केला. गुरुवारी येतोय, स्लीपर त्याचेच.