बहिणीचं लग्न ठरेपर्यंत जीन टेस्ट नको म्हणे!

कृष्णाकाठचा
माझा चुलतभाऊ, वय ३४, सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दोन वर्षं त्याला मधूनच झटका यायचा. डोकं ठणकायचं, शर्ट पिळावा इतका घाम, छातीत धडधड, आणि वीस मिनिटांत सगळं शांत. दवाखान्यात पोचेस्तोवर बीपी नॉर्मल, त्यामुळे "टेन्शन घेऊ नका" ऐकून परत. काकूनं दृष्ट काढून झाली, गणपतीला नारळ झाला. शेवटी ऐन झटक्यात कुणीतरी बीपी मोजलं तर २२०/१२०. मग चोवीस तासांची लघवी साठवून मेटानेफ्रिन (ॲड्रिनॅलिन मोडून बनणारी द्रव्यं) तपासली, सीटी स्कॅन झाला, आणि उजव्या किडनीवर टोपीसारखी बसलेली जी ॲड्रीनल ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली. फिओक्रोमोसायटोमा. ॲड्रिनॅलिनच्या जातीची हार्मोन्स ही गाठ मनाला येईल तेव्हा रक्तात सोडते. आधी दोन आठवडे रक्तवाहिन्या सैल करून बीपी आवरणाऱ्या अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या, मग ऑपरेशन. भाऊ आता ठणठणीत आहे.

भांडण त्यानंतर लागलं. डॉक्टरांनी रक्ताची जीन टेस्ट करायला लावली, कारण या गाठीच्या साधारण तीनातल्या एका रुग्णात दोष जन्मजात असतो. भावाच्या एसडीएचडी नावाच्या जनुकात तो निघाला. काकांच्या मानेला बाजूला गाठ होती, आम्ही तिला थायरॉइड म्हणून सोडून दिली होती, तीही याच घराण्यातली असणार. आता डॉक्टर म्हणतात भावंडांनीही तपासा. काकू म्हणते, "पोरीला स्थळं बघायला लागलोय, आत्ता नाव काढू नका."

बहीण २६ वर्षांची, तासगावला शिक्षिका. आणि या जनुकाची खोड ऐका. दोष वडिलांकडून आला तरच सहसा आजार होतो. आईकडून आला तर मूल तो घेऊन फिरतं, पण सहसा आजारी पडत नाही. म्हणजे बहिणीत दोष निघालाच, तरी तिच्या पोटच्या मुलांना धोका जवळजवळ नाही. खरी काळजी भावाच्या पाच वर्षांच्या मुलाची करायला हवी, आणि त्याच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. काळजी सगळी पोरीच्या पत्रिकेची!

माझं मत, सगळ्यांनी आत्ताच टेस्ट करावी. तुम्हाला काय वाटतं?

अडत्या
काय बोलता राव. आई-बापाकडून आलेल्या जनुकाचा फरक तुम्ही मुलाकडच्यांना चहा पिता पिता समजावणार? त्यांच्या कानात "त्यांच्यात गाठीचा आजार आहे" एवढंच जाणार, आणि संध्याकाळपर्यंत ते माधवनगरपासून मिरजेपर्यंत पोचणार. पोरीला आज काही त्रास नाही ना? मग आधी अक्षता पडू द्या. तोवर महिन्याला बीपी बघा. काकू अडाणी नाही, तिला समाज तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

मिरजवाली
अडत्यादादा, मी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलते. ही गाठ असल्याचं माहीत नसताना बाई गरोदर राहिली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका. बीपी वाढलं की आम्हालाही पहिल्यांदा गरोदरपणातलं नेहमीचं बीपीच वाटतं, त्यात वेळ जातो. "आधी अक्षता, मग टेस्ट" म्हणजे जी गोष्ट लग्नाआधी शांतपणे बघता येते ती पहिल्या बाळंतपणावर ढकलायची. आणि महिन्याला बीपी बघून काय होणार? धागाकर्त्यांच्या भावाचं दवाखान्यात दर वेळी नॉर्मलच आलं होतं की.

टेस्ट करणं वेगळं आणि गावाला सांगणं वेगळं. रिपोर्ट तिच्या नावाचा, कुणाला दाखवायचा ते तिनं ठरवावं. या सगळ्यात तिला कुणी विचारलंय का?

पोटॅशियम कमी
साताऱ्याहून लिहितोय. माझीही ॲड्रीनलचीच गाठ होती, पण वेगळी. ती अल्डोस्टेरॉन सोडायची, म्हणजे अंगात मीठ धरून ठेवणारं हार्मोन. बीपीच्या चार गोळ्या, पायात गोळे, पोटॅशियम तळाला. याला कॉन सिंड्रोम म्हणतात, जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरनं १९५५ साली वर्णन केलं म्हणून. गाठ काढली, आता एका गोळीवर आहे.

हा धागा वाचून बायकोनं मुलांना टेस्टला न्यायचा विषय काढला, म्हणून लिहितोय. आमच्यासारख्यांच्या गाठीतही जनुकाचा बदल सापडतो, केसीएनजे५ वगैरे, २०११ साली लागलेला शोध. पण बहुतेक वेळा तो बदल त्या गाठीच्या पेशींत नंतर झालेला असतो. रक्तात नसतो, म्हणून मुलांत जात नाही. घराण्यातून येणारे प्रकार आहेत, पण विरळ. तेव्हा "ॲड्रीनलची गाठ म्हणजे आनुवंशिक" असा गवगवा नको. सगळ्यांनी टेस्ट करा हे वाक्य मला पटलेलं नाही.

कृष्णाकाठचा
बरोबर, "सगळ्यांनी" म्हणजे आमच्या घरातल्या सगळ्यांनी म्हणायचं होतं. आमच्यात दोष नेमका कुठे आहे ते कळलंय, त्यामुळे बाकीच्यांची तेवढी एकच जागा बघायची. सगळी जनुकं एकदम तपासायच्या पूर्ण पॅनेलपेक्षा ते स्वस्त पडतं. आणि निगेटिव्ह आला तर माणूस कायमचा सुटतो हे कुणी बोलतच नाही. पॉझिटिव्हवाल्याला आयुष्यभर लघवी-रक्त आणि ठरावीक वर्षांनी एमआरआय. पन्नास टक्के शक्यता आहे की बहिणीला यातलं काहीच करावं लागणार नाही!

वकीलपेठ
दोन मुद्दे. विमा: २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं हृदयाच्या एका आजाराच्या खटल्यात, जनुकीय आजार म्हणून सरसकट क्लेम नाकारणं हा भेदभाव ठरवला. तरी प्रपोजल फॉर्मवर माहिती दडवू नका, तिथेच क्लेम अडकतात.

दुसरा, मिरजवालीताईंशी असहमत. रिपोर्ट तिचा हे मान्य, पण नवऱ्यापासून दडवून संसार मांडायचा? दर वर्षी चोवीस तासांच्या लघवीचा कॅन बाथरूममध्ये ठेवणार आणि त्याला काय सांगणार?

मिरजवाली
वकीलसाहेब, नवऱ्याला सांगू नका असं मी कुठे म्हटलं? पसंती झाली की त्या मुलाला तिनं स्वतः सांगावं. बायोडाटावर छापू नये एवढंच. मुलांच्या बायोडाटावर तरी कोण बापाची शुगर लिहितो?

अडत्या
तो कॅनचा मुद्दा भारी होता. माझं मत तेच आहे, फक्त बाळंतपणाचं मला माहीत नव्हतं. भावाच्या पोराचं काय करणार? त्यालाही आत्ताच सुया टोचणार?

कृष्णाकाठचा
त्याला घाई नाही. या जनुकात तपासण्या दहा-पंधरा वर्षांच्या आसपास सुरू करतात म्हणे, तोवर त्याला शाळेत जाऊ दे. बहिणीला काल फोन केला. म्हणाली, "दादा, मी गेल्या आठवड्यातच रक्त देऊन आले, आईला सांगू नकोस." झालं! इथे आम्ही वाद घालत बसलोय.

आता राहिलो माझे वडील आणि मी. काका आजारी पडले म्हणजे दोष आजोबांकडून आला असणार, मग वडिलांनाही निम्मी शक्यता. सोमवारी मिरजेला जातोय. काल आजोबांचा फोटो काढून बघत होतो, भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. मानेची गाठ झाकायला असेल का?

पोटॅशियम कमी
फोटोवरून निदान नको. आमचे आजोबाही मे महिन्यात मफलर बांधत, आणि त्यांच्या मानेला फक्त घामोळं होतं.