मिसूरीतून मॉर्मनांना का हाकललं?

प्रश्न: १८३८ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या गव्हर्नर बॉग्जने मॉर्मन या नव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ‘हाकला नाहीतर संपवा’ असा लेखी हुकूमच काढला. शेजाऱ्यांशी एवढं काय बिनसलं होतं?

उत्तर १: जमीन आणि एकगठ्ठा मतं. ६ ऑगस्टला गॅलेटिन गावात त्यांना मतदानापासून अडवलं, तिथेच जुंपली. ऑक्टोबरात मॉर्मनांनीही गॅलेटिन लुटून जाळलं, हेही सांगायला हवं.

उत्तर २: मान्य. पण म्हणून हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीवर हल्ला? ३० ऑक्टोबरला वस्तीतली माणसं लोहारशाळेत शिरली, तर हल्लेखोरांनी भिंतीच्या ओंडक्यांच्या फटींतून बंदुका खुपसून गोळ्या झाडल्या. १७ जण गेले. भात्याखाली लपलेल्या दहा वर्षांच्या सार्डियस स्मिथलाही सोडलं नाही. पोरगं हो ते! माझ्याच्याने पुढे वाचवेना.

प्रश्नकर्ता: हुकूम रद्द कधी झाला?

उत्तर २: थेट १९७६ मध्ये, गव्हर्नर बाँड यांनी केला.