आईची चित्रं वाटून झाली, कपट्यांचं काय करू?

रेघोट्या:
आई जाऊन वर्ष होत आलं. जन्मभर जलरंगात काम केलं तिनं. फ्रेम केलेली चित्रं आम्ही भावंडांनी न भांडता वाटून घेतली. उरलाय एक गठ्ठा, लांबट कपट्यांचा. चित्रात रंग भरण्याआधी ती तो कपट्यावर लावायची आणि वाळेपर्यंत थांबायची, कारण जलरंग वाळला की फिकटतो. शेजारी पेन्सिलीनं रंगाचं नाव आणि शेरा: "पाणी कमी", "हा नको", एका ठिकाणी नुसतंच "अगं बाई!" भाऊ म्हणतो, रद्दीत घाल. मला मात्र फ्रेममधल्या चित्रांपेक्षा इथे ती जास्त भेटते. ठेवावेत का? आणि ठेवायचे कसे?

बोरू:
बाबांची कोळशाची रेखाटनं सांभाळतोय, त्या अनुभवावरून: आम्लविरहित कागदाच्या घड्यांमध्ये, खोक्यात आडवे ठेवा. चिकटपट्टी अजिबात नको, तिचा पिवळा डाग कायमचा बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी धरते. कसर लागते, म्हणून अधूनमधून उघडून बघत जा. नोंद करायची तर मागे, मऊ पेन्सिलीनं.

गेरू:
रद्दीत मुळीच घालू नका! आईचं एखादं जुनं चित्र फ्रेममधून काढून बघा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड आणि उघडा भाग यांत फरक दिसेल. अलिझारिन क्रिमझनसारखे लाल उजेडानं उडतात. भिंतीवरच्या चित्रात आज दिसतो तो लाल तिनं लावलेला असेलच असं नाही. गठ्ठ्यात, अंधारात राहिलेल्या कपट्यावर तो सापडेल, तोही नावासकट.

अर्धाकप:
मी जरा उलट बोलतो. माझे वडील नावडलेलं काम स्वतः फाडायचे. त्यांच्या मागे आम्ही तुकडेसुद्धा जपत बसलो, ते त्यांना आवडलं नसतं. तिनं जे नाकारलं त्याचा मान ठेवा.

रेघोट्या:
@गेरू, बघितलं. माउंटखालची कड गर्द किरमिजी, बाकी आभाळ मातकट. आम्ही इतकी वर्षं ती पावसाळी संध्याकाळ समजत होतो!
@अर्धाकप, तुमचं वाचून कपटे उलटे केले. मागे तिचीच चित्रं आहेत, नापसंत, पट्ट्या कापलेली. म्हणजे नाकारलंही तिनंच आणि जपलंही तिनंच. भाऊ पट्ट्या जुळवायला बसलाय. जुळवाव्यात की नाही, यावर घरात नवा वाद.